संत्र्याच्या बाटल्या आणि दोन हाका

माझ्या माहेरी देव भरपूर होते, भूत मात्र एकही नव्हतं. सासरीही तेच. अमावस्येला कुठे जाऊ नये, तिठ्यावर थांबू नये असलं काही मी पाळलं नाही, अजूनही पाळत नाही. त्यामुळे हे लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतंय. पण जे झालं ते झालं... आणि ते पाहणारी मी एकटी नव्हते.

गोष्ट बासष्टच्या उन्हाळ्यातली. माझे मिस्टर दारव्हा तालुक्यात बोरी अरबला पटवारी होते. आमचं भाड्याचं घर मातीच्या भिंतींचं – पुढे ओसरी, मग स्वयंपाकघर, मागे एक अंधारी खोली आणि त्यामागे अंगण. सुधा, आमची मोठी, तेव्हा सात महिन्यांची होती.

मिस्टरांना प्रयोगांचा नाद होता. साबण करून झाला, शाई करून झाली. त्या वर्षी कुठल्याशा इंग्रजी मासिकात त्यांना फळांच्या वाइनची रेसिपी सापडली. दारूबंदीचे दिवस आणि हे सरकारी नोकर! मी म्हटलं, "नोकरी जाईल." तर म्हणाले, "ही दारू नव्हे, हे टॉनिक आहे. यात फक्त संत्र्याचा रस आणि साखर."

मार्चमध्ये खाली पडलेली, डागी संत्री पोत्यानं स्वस्त मिळत. दोन दिवस आम्ही ती सोलली. रस लोणच्याच्या दोन मोठ्या बरण्यांत भरला, साखर घातली आणि आंबायला लागावं म्हणून मूठभर मनुका. वर धुतलेलं धोतराचं फडकं बांधलं. तिसऱ्या दिवशी बरणी बोलायला लागली – बुडबुड, बुडबुड. मिस्टर घड्याळ घेऊन बसत आणि मिनिटाला किती बुडबुडे ते वहीत लिहीत.

त्या दिवसांत सोनाबाई आमच्याकडे यायची. जवळच्या तांड्यावरची, पन्नाशीची बंजारा बाई. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, डोक्यावर टोपली. बोरं, चारोळी, आंबे, जे निघेल ते विकायची. एकदा घरात शिरताच तिनं नाक वर केलं आणि हसली. तिला काय सांगायचं! मोहाची तिच्या घरी पिढ्यान् पिढ्या निघत आलेली.

एप्रिलात मिस्टरांनी रस गाळून औषधाच्या आणि सोड्याच्या जुन्या बाटल्यांत भरला. बुचं ठोकली, वरून तारेनं आवळून बांधली. अकरा बाटल्या. मागच्या खोलीत गारवा असतो म्हणून त्या तिथे भिंतीशी ओळीनं ठेवल्या. सुधाची झोळीही गारव्यासाठी तिथेच, बाटल्यांपासून दोन हातांवर.

सोनाबाईनं एक बाटली उचलून कानाशी धरली.

"पटवारीसाहेब, हे अजून बोलून राह्यलं. याचं तोंड कायले बांधलं?"

"झालंय ते आता. बुडबुडे बंद आहेत." मिस्टरांनी वही दाखवली.

"वहीत बंद असतीन," ती म्हणाली आणि बाटली जागेवर ठेवली.

मे महिन्याचा दुसरा आठवडा असेल. मिस्टर कामासाठी दारव्ह्याला गेले होते. दुपारी दोनच्या सुमारास सोनाबाई आंबे घेऊन आली. ऊन असं की ती दारातच भेलकांडली. मी तिला पाणी दिलं, म्हटलं, "या उन्हात कुठं जाता? आत पडा घडीभर." आम्ही दोघी मागच्या खोलीत जमिनीवर आडव्या झालो. सुधा झोळीत झोपली होती. मला डुलकी लागली असावी, गाढ झोप नव्हे. बाहेर कुठेतरी होला घुमत होता, तो ऐकू येत होता.

आणि मग अंगणातून स्पष्ट हाक आली – "चिमे! बाहीर ये वं... लेकराले घेऊन ये!"

आवाज माझ्या मावशीचा. आई लवकर गेली, मावशीनंच मला मारेगावला वाढवलं. "चिमे" फक्त तीच म्हणायची. सासरी हे नाव कोणाला माहीतही नव्हतं. मला वाटलं, मावशी न कळवता आली! घाबरण्याचा प्रश्नच नव्हता, आनंदच झाला. मी उठले, सुधाला झोळीतून उचललं. पाहते तर सोनाबाईही उठून दाराकडे निघालेली. आम्ही मागोमाग अंगणात आलो.

अंगण रिकामं. दोरीवर लंगोट वाळत होते, बस.

सोनाबाईनं माझ्याकडे पाहिलं. "तुमाले बी?"

मी उत्तर द्यायच्या आत खोलीत धडाका झाला. मग दुसरा, मग चार-पाच एकदम. सुधा किंचाळली. मी तिला छातीशी धरून तशीच उभी राहिले. धडाके थांबल्यावर आत गेलो... अकरापैकी सात बाटल्या फुटल्या होत्या. कौलांपर्यंत काचा उडाल्या होत्या. झोळी तीन ठिकाणी फाटली होती आणि सुधाचं डोकं जिथे होतं तिथे बोटभर लांबीचा एक तुकडा पडलेला. तो सोनाबाईनं उचलला, मला हात लावू दिला नाही.

वास तर गल्लीभर. मिस्टरांच्या हाताखालचा गावचा कोतवाल धावत आला. दारात थांबला, नाक ओढलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाई, संत्र्याचं शरबत नासलं वाटते," आणि स्वतःच खराटा घेऊन काचा लोटायला लागला. तो विषय तिथेच संपला.

मिस्टर परतले, त्यांनी आधी झोळी पाहिली. उरलेल्या चार बाटल्यांच्या तारा त्यांनी, अंगावर घोंगडी घेऊन, स्वतः सोडल्या आणि सगळं उकिरड्यावर ओतलं. पुन्हा त्यांनी असला प्रयोग केला नाही. बाटल्या का फुटल्या, हे त्यांना लगेच कळलं – आंबणं पुरतं थांबलेलं नव्हतं, वर उन्हाळा, गॅसचं प्रेशर. त्यात गूढ काहीच नाही.

गूढ हाकेचं. मिस्टरांनी पंचनामा करावा तसं आम्हा दोघींना वेगवेगळं विचारलं. मला ओसरीवर, सोनाबाईला अंगणात.

मी मावशीचं सांगितलं. सोनाबाईनं सांगितलं, "माही याडी होती. आमच्या बोलीत बोलली. भाईर ये म्हणे, पोरीले घे म्हणे." याडी म्हणजे आई. तिची आई ती लहान असतानाच वारली होती.

म्हणजे एकाच क्षणी, एकाच अंगणातून, दोन बायकांना दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या भाषांत हाक मारली. आणि सांगणं एकच!

मिस्टरांचं म्हणणं – बुचं आधी कुरकुरली असतील, अर्धवट झोपेत तुम्ही त्याला शब्द दिले. असेलही. मी स्वतःलाही हेच सांगून पाहिलं. पण दोघींनी एकाच अर्थाचे शब्द दिले? आणि भूत म्हणावं, तर माझी मावशी त्या दिवशी मारेगावला धडधाकट होती. पुढे वीस वर्षं जगली.

दिवाळीला माहेरी गेले तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती सुपात तांदूळ निवडत होती. तिला नवल वाटलं नाही, हातही थांबला नाही.

"त्या दुपारी मला हाक मारली होतीस का?" मी विचारलं.

"त्या दुपारचं काय आठवते मले!" ती म्हणाली. "तू सासरी गेल्यापासून मी रोजच मारतो. काही काम निघालं का तोंडात तुहंच नाव येते – चिमे, बाहीर ये. मंग ध्यानात येते, तू इथं नाहीस."

एवढं बोलून ती खडे वेचत राहिली. आज विचारायला तीही नाही, सोनाबाईही नाही.