जहीरभाईंचा लपवलेला मॅनेजर

१९८३ च्या उन्हाळ्यात बदली होऊन मी कुरखेड्याला एसटीतून उतरत होतो. एक पाय पायरीवर, दुसरा हवेत. तेवढ्यात एका लुंगीवाल्याने माझी वळकटी हिसकावली, बैलबाजारात गिऱ्हाईक बैलाला पाहतं तसं मला चहूबाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "मॅनेजरी करसान का?" मी सरकारी कारकून आहे म्हणताच त्याने वळकटी अशी सोडली की ती घरंगळत थेट कोंबड्यांत गेली. त्यातली एक कोंबडी पुढे महिनाभर अंडं द्यायला विसरली म्हणतात.

हे जहीरभाई. स्टँडसमोर त्यांचं हॉटेल होतं. मी त्यांना बसलेलं कधी पाहिलं नाही. भट्टीपासून दारात, दारातून रस्त्यावर, की पुन्हा भट्टीशी. मे आला की ही येरझार दुप्पट होई, कारण मे महिना तेंदूपत्त्याचा. ठेकेदारांना फडावर, म्हणजे पानं गोळा होतात तिथे, ती मोजून घ्यायला मुन्शी लागे: चारशे माणसांच्या गर्दीत डोकं थंड ठेवणारा, गोंडी बोलणारा, कोणाशी न भांडणारा. असा माणूस तालुक्यात फक्त हॉटेलच्या गल्ल्यामागे तयार होई. जहीरभाईंनी मॅनेजर घडवायचा आणि ठेकेदाराने जीपमध्ये घालून न्यायचा, अशी रीतच पडली होती.

मग त्यांना हरिदास मिळाला. आचारी त्याला घाबरे, गिऱ्हाईक त्याच्यावर खूश. या खेपेला जहीरभाईंनी अक्कल लढवली. जीप थांबली की हरिदासने फाटकी बंडी चढवून कपबशा विसळायला बसायचं. ठेकेदार त्याच्याकडे बघू लागला की जहीरभाई सुरू.

"हा? याले दोन चहा सांगा. एक आणते, दुसरा रस्त्यातच पिऊन टाकते."

दोन मे असेच निभावले. हरिदासही खाली मान घालून हसे.

तिसऱ्या वर्षी हरिदासची सोयरीक निघाली. आमच्याकडे जाणती माणसं मुलगा पाहायला आधी न सांगता जातात, त्याच्या कामाच्या जागी. मुलीचे वडील श्रावणभाऊ कोपऱ्यात चहा घेऊन बसले आणि नेमकी जीप आली. जहीरभाईंना त्या दिवशी भलताच हुरूप होता. आळशी, झोपाळू, चहात साखर टाकायची का मीठ हे रोज विचारणारा. काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. श्रावणभाऊंनी चहा संपवला आणि ते निघून गेले.

ते कोण होते हे कळल्यावर जहीरभाई सायकल हाणत त्यांच्या गावी पोचले. हरिदास हिरा आहे, आपण ठेकेदारापुढे नाटक करत होतो, असं शपथेवर सांगितलं. श्रावणभाऊंनी पाणी दिलं, बसायला बाज दिली. जहीरभाई उभेच.

"जहीरभाऊ," ते म्हणाले, "इतकं खोटं इतकं चांगलं बोलता तुमी. मग हे खरं कसं मानू?"

हरिदासने पावसाळ्याआधी हिशेब मागितला. कोणत्या ठेकेदाराने तुले फोडलं, एवढंच जहीरभाई विचारत राहिले.

"कोनीच नाई, भाऊ. ठेकेदाराले तुमचं पटलं होतं. गावालेही पटलं. आता इथी राहून काय करू?"

पगार दुप्पट करतो म्हणाले, गल्ल्याची किल्ली पुढे केली. हरिदासने ती टेबलावर ठेवली आणि गडचिरोलीची गाडी धरली.

पुढे तो घुग्घुसला खाणीच्या कँटीनमध्ये लागला. जहीरभाईंनी १९८७ साली हॉटेल बंद केलं. तिथे आता सायकली दुरुस्त होतात.