किरकोळ कुरबुरी

"मॅडम, लाभार्थ्यांचं प्रकरण तुम्ही घ्या. तुमच्या घरचंच आहे ते."

सर हसले. स्टाफरूममधले बाकीचेही हसले. मी हसले नाही.

दापोलीजवळच्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवायचे. तासिका तत्त्वावर. शिकवलेल्या तासाचा मेहनताना, आणि दर जूनला पुन्हा दारात उभं राहायचं. सर आमचे विभागप्रमुख. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी ते पुस्तक काढत होते. आधुनिक महाराष्ट्र कसा घडला, त्यात आपलं कोकण कुठे, याची ओळख करून देणारं. प्रकरणं वाटली जात होती. राज्याची निर्मिती सरांकडे. नेतृत्व सरांकडेच. पंचायत राज, सहकार इतरांकडे. मी म्हटलं, "सर, खोती कशी गेली ते मला लिहायचंय." ते म्हणाले, राज्य घडवणारे वेगळे आणि ज्यांच्यासाठी घडवलं ते वेगळे. मग ते घरचं वाक्य.

मी बौद्ध. सर खोताच्या घराण्यातले. खोत म्हणजे सरकारचा सारा गोळा करणारा. पण खरं तर अख्ख्या गावाचा मालक. आमची घराणी स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक होती. म्हणून तर त्यांना हसू आलं.

प्रकरण घेतलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेले. आई अंगणात आमसुलं वाळत घालत होती. तिला विचारलं, आपल्याकडे खोती कशी गेली?

"जाते कशी? घालवायला लागली," ती म्हणाली. "तुजं आजोबा खोताकडं वेठीला जायचं. फुकटचं काम. सगळीच जायची. एक दिस म्हणालं, मी नाय येत. तर नुकत्याच लावलेल्या भातात गुरं सोडलीनी."

"मग?"

"मग काय. कुणबीवाडीतली मानसं आली. त्यांच्याकडची उरलेली रोपं घेऊन. पुन्ना लावणी केलीनी."

नंतर म्हणे दोन्ही वाड्या मिळून खोतीविरुद्धच्या सभांना जायच्या, डोंगर चढून, भाकरी बांधून. मी इतर गावांतही फिरले. म्हाताऱ्या माणसांशी बोलले. सगळं लिहिलं. कुणाच्या भातात गुरं सोडली, कुणाचं शेत गेलं, खोती बंद करणारा कायदा येण्याआधी किती माणसं नाही म्हणाली होती. सरांना दिलेल्या प्रकरणात माझं वाक्य होतं, 'कुळांनी लढून जमीन मिळवली.'

प्रकाशनाला आईला घेऊन गेले. रत्नागिरीतलं सभागृह. आई पांढरं लुगडं नेसली होती, इस्त्रीचं. मी तिला तिसऱ्या रांगेत बसवलं आणि पुस्तक घ्यायला गेले. परत येते तर खुर्चीवर दुसरंच कोणी. आई पार मागे, दाराशी.

"मावशी, मागं बसा, पाहुणे येतायत, म्हणाला एक पोरगा. मी उठलो," ती म्हणाली. तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मला तेच सहन होईना.

तिथंच उभ्यानं प्रकरण उघडलं. 'खोतांनी काळाची पावलं ओळखली आणि कुळांना जमिनी मिळाल्या.' 'मिळवली'चं 'मिळाल्या'. एक 'व' काढला की लढणारा माणूस लाभार्थी होतो. आजोबा शोधले. भात, गुरं, दोन वाड्यांची लावणी शोधली. सगळ्याच्या जागी एक ओळ. 'काही ठिकाणी किरकोळ कुरबुरी झाल्या.' खाली माझं नाव.

सरांना गाठलं. "सर, हे मी लिहिलेलं नाही."

"अहो, ओळख करून देणारं पुस्तक आहे. पोरांना कशाला कडवट? आणि ऐका, आभार तुम्हीच मानायचेत हां. तुमचा आवाज चांगलाय."

भाषणं झाली. टाळ्या झाल्या. माझं नाव पुकारलं. माइकसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "मी आभार मानणार नाही. माझ्या आजोबांच्या भातात खोतानं गुरं घातली. या पुस्तकात त्याला किरकोळ कुरबूर म्हटलंय. हे प्रकरण माझं नाही. त्यावरचं माझं नाव काढा."

कुणीतरी माइक बंद केला. मी तसंच बोलत राहिले. सभांना गेलेल्या माणसांचं बोलले. कुणबीवाडीचं बोलले. सरांचा चेहरा लाल. इतकी वर्षं 'मॅडम, मॅडम' करणारा माणूस खुर्चीतून उठून ओरडला, "ए, खाली उतर!"

"ए नाही, सर," मी म्हटलं. आणि बोलणं पुरं करूनच उतरले.

एसटीत आई म्हणाली, "नोकरी जायल ना गो?"

"जाईल."

"आनि माज्या सासऱ्यांचं नाव घेतलंस काय?"

नव्हतं घेतलं. 'माझे आजोबा' एवढंच म्हटलं होतं.

"मग लोकांना कसं कळायचं, कोन मानूस तो?"

जूनमध्ये तास मिळाले नाहीत. आता बारावीच्या मुलींच्या शिकवण्या घेते. मध्यंतरी सरांचा फोन आला. "दोन ओळींची दिलगिरी लिहून द्या. मी तुमचे तास सुरू करून देतो. किती ताणायचं?"

"नाही देणार, सर."

"तुमचं नुकसान आहे."

"असू दे."

रविवारी मी निघते. कधी बौद्धवाडी, कधी कुणबीवाडी. जे नाही म्हणाले त्यांची नावं विचारते. बापाचं नाव, गाव, आणि काय सोसलं ते. बायकांचीही विचारते, त्यांची नावं घरच्यांनासुद्धा पटकन आठवत नाहीत, तरी बसून राहते. पहिलं नाव लिहिलं धर्मा राघो. माझे आजोबा. रात्री झोप लागत नाही. माणसं थकत चाललीत आणि गावं पुष्कळ आहेत.

या नावांचं पुस्तक निघेल. छापणारा मिळाला नाही तर झेरॉक्स काढून वाटीन. पण त्यातली एक ओळही कुणा सरांकडे तपासायला जाणार नाही.