लंबू की डावऱ्या

मेश्राम काकू रोज सकाळी साडेसातला मुलाशी भांडायच्या. बँकेने माझी जयपूरला बदली केली आणि आदर्श नगरात आम्हाला जो फ्लॅट मिळाला, त्याची एक भिंत फार पातळ निघाली. भिंतीच्या अलीकडे मी दाढी करत असायचो आणि पलीकडून आवाज यायचा, "अबे, डोळे फुटले का तुहे? पाह्य ना कसा आला थो चेंडू! तुह्या लंबूले जमन का असं?" मग जरा वेळ शांतता. मग पुन्हा, "असं कसं म्हन्तं तू?" मुलगा बिचारा मवाळ दिसतो, असं मला वाटायचं. त्याचा आवाज कधी ऐकूच यायचा नाही.

आमची पहिली भेट जिन्यात झाली. हातात दुधाची पिशवी, अंगावर नागपुरी काठाची साडी आणि त्यावर मुलाचा असावा असा निळा स्वेटर. ओळखपाळख काही नाही, थेट प्रश्न.

"भाऊ, तुमी बँकेत हाये ना? मंग सांगा, चेंडूचा जोर कुठं मोजाचा? हातातून सुटते तिथं, का पोचते तिथं?"

बँकेचा आणि चेंडूचा काय संबंध हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी आपला क्रिकेटवाला. म्हटलं, सुटताना मोजतात बहुतेक.

"झालं! हा बी त्याच्याच पार्टीतला," असं म्हणून त्या दुधासकट घरात गेल्या.

हळूहळू उलगडा झाला. मेश्राम साहेब रेल्वेत होते, जयपूरलाच रिटायर झाले आणि इथेच वारले. एकुलता एक मुलगा रोशन, तो नोकरीला अमेरिकेत. तिथे त्याला बेसबॉलचं वेड लागलं आणि त्याने ते फोनवरून आईला लावलं. त्याची संध्याकाळ म्हणजे हिची सकाळ. तो तिकडे सामना लावायचा, ही इकडे लावायची आणि दोघं फोनवर हमरीतुमरीवर यायची. वाद एकच, जगात सगळ्यात जोरात चेंडू कोण फेकतो? खेळाडूंची नावं काही काकूंच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी स्वतःच बारसं केलं होतं. रोशनचा तो लंबू. ताडमाड उंच, केव्हाच निवृत्त झालेला, पण त्याचा आकडा कोणी मोडला नव्हता. काकूंचा तो डावऱ्या. डाव्या हाताचा, तरणाबांड, अजून खेळणारा.

मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण काकूंनी मला सोडलं नाही. पोह्यांची बशी पुढे ठेवून शिकवणी चालायची. क्रिकेटबद्दल त्यांचं मत वाईट होतं. "तुमच्या खेळात टप्पा पडते बापा. टप्पा म्हंजे चेंडूले इसावा. इथं इसावा नाई. सुटला का पोचला." रोशनने पाठवलेला एक खराखुरा चेंडू त्या सामना बघताना मांडीवर घेऊन बसायच्या. पांढरा, लाल टाक्यांचा, हाताळून हाताळून पिवळट पडलेला. टीव्हीवर प्रत्येक फेकीचा आकडा झळकला की त्या तुच्छतेने हात उडवायच्या. "थो हाताचा आकडा हाय. हातातून त सारेच जोरात सुटते. मधात दमते. पोचताना मोजा, मंग सांगा कोन मोठा."

दसऱ्याच्या सुमाराला नागपूरहून त्यांचे धाकटे भाऊ यायचे. दीक्षाभूमीला चल, आता तिकडेच राहा, इथे कोण आहे तुझं, असं दरवर्षी म्हणायचे आणि दरवर्षी एकटेच परत जायचे. मी एकदा विचारलं, का जात नाही? काकू म्हणाल्या, "त्याले हाच पत्ता माहीत हाय." मला ते अगदी साधं वाटलं. मुलगा सुट्टीवर येईल तेव्हा थेट घरी येईल, एवढाच अर्थ मी लावला.

मे महिन्यात एका रात्री मोठी आंधी आली. घरभर धूळ झाली आणि काकूंच्या टीव्हीची वायर तुटली. सकाळी त्या चेंडू घेऊन आमच्या दारात हजर. "भाऊ, डावऱ्या फेकून रायला आज. लावा लवकर." मी सामना लावून दिला. नीता, माझी बायको, चहा घेऊन आली. काकू सोफ्याच्या एका कडेला बसल्या, दुसऱ्या कडेला जागा सोडून. आम्ही दोघं समोरच्या खुर्च्यांत.

डावऱ्याने एक सणसणीत चेंडू टाकला. काकू त्या रिकाम्या जागेकडे वळल्या. "हं, आता बोल." मान किंचित कलती करून थांबल्या. बाहेर मोर ओरडत होते. मग त्या हसल्या. "हॅट्! काहीबी सांगतं." त्यांच्या हातात फोन नव्हता. कानात काही नव्हतं. नीताने माझ्याकडे पाहिलं आणि कप टेबलावर ठेवला.

सामना संपल्यावर मी कसंबसं विचारलं, "काकू, रोशन..."

"रोशन गेला ना भाऊ," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमी इथं यायच्या आंधीच. सामना पाहून घरी जाऊन रायला होता, गाडीचा अपघात झाला. मी येडी नाई. मले सारं माहीत हाय. गाडीत बसायच्या आंधी फोनवर म्हन्ला, 'आई, माह्यापाशी एक पक्का मुद्दा हाय, उद्या सांगतो तुले.' आता तुमीच सांगा. थो मधातच सोडून गेला. म्या कशी सोडू?"

त्यानंतर ती भिंत मला नकोशी झाली. काकूंच्या ओरडण्याचं काही वाटत नसे. भीती वाटायची ती मधल्या शांततेची. तेवढ्यापुरता मी वस्तरा थांबवायचो. ती शांतता कधी लांब असायची, कधी तोकडी, अगदी समोरच्याचं बोलणं असतं तशी. त्यांचं पुढचं वाक्य ऐकून त्याने काय उत्तर दिलं असेल ते मला कळायला लागलं होतं. लांबच्या बदलीसाठी अर्ज करावा असंही एकदा मनात आलं, खोटं कशाला सांगू.

आणि मग डावऱ्याने लंबूचा आकडा मोडला. बातमी मी मोबाइलवर पाहिली आणि उद्या सकाळी भिंत हादरणार, असं नीताला म्हणालो. दुसऱ्या दिवशी पलीकडून हूं का चूं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. ज्या शांततेला मी घाबरत होतो ती आता दिवसभर पुरू लागली. शेवटी मी गेलो. दार नुसतंच लोटलेलं होतं. टीव्ही बंद. काकू चेंडू मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि केसही विंचरलेले नव्हते.

"जिंकली मी, भाऊ," त्या म्हणाल्या. "आता थो बोलत नाई. काय बोलन? मुद्दाच नाई उरला त्याच्यापाशी."

मी आयुष्यात कुणाचं सांत्वन धड केलेलं नाही. घरी येऊन मोबाइल घेऊन बसलो. बँकेतल्या माणसाने सुट्टीच्या दिवशी बेसबॉलचा अभ्यास करावा, हे नीताला बघवेना. पण मला सापडलं. तडक पलीकडे गेलो.

"काकू, तुम्ही हरलात."

त्यांनी मान वर केली.

"लंबूच्या वेळची यंत्रं जुनी होती. चेंडू फलंदाजाजवळ पोचता पोचता ती मोजायची, म्हणजे दमल्यावरचा आकडा. आता हातातून सुटल्या सुटल्या मोजतात. डावऱ्याचा आकडा सुटतानाचा आहे, लंबूचा पोचतानाचा. तुम्हीच म्हणता ना, पोचताना मोजा? मग तुमच्याच नियमाने रोशन जिंकला."

काकूंचा चेहरा लाल झाला. "असं कसं? जुन्या यंत्राचा काय भरोसा बापा? काहीबी दाखवत असन!" त्या रागाने उठल्याच. मग सोफ्याच्या रिकाम्या कडेकडे वळून म्हणाल्या, "तू शिकवलं का रे याले?"

त्या थांबल्या. मीही थांबलो. काकू खुदकन हसल्या.

"म्हन्ते, मी नाई शिकवलं."

दुसऱ्या सकाळपासून भिंत पुन्हा बोलू लागली. फरक इतकाच झाला की रविवारी रोशनच्या बाजूने मी बसायचो. त्याच्या जागेवर कधी बसलो नाही, खुर्ची वेगळी घ्यायचो. माझी नाशिकला बदली झाली तेव्हा काकूंना एकच चिंता, "आता त्याच्या बाजूनं कोन बोलन?" मी म्हटलं, फोन आहे ना. आणि खरोखरच रोज सकाळी साडेसातला फोन यायचा. मी तावातावाने बोलत असलो की मधेच म्हणायच्या, "थांबा भाऊ, त्याले बोलू द्या." मी फोन कानाला लावून थांबायचो. जयपूरचे मोर ऐकू यायचे, दुसरं काही नाही. "ऐकलं का?" "ऐकलं काकू," मी म्हणायचो. नीता स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघत राहायची.

गेल्या दसऱ्याच्या आसपास असाच फोन आला. नागपूरचे भाऊ न्यायला आले होते आणि काकू नेहमीप्रमाणे नाही म्हणत होत्या. आवाज थकलेला होता, पण वाद जोरात झाला. शेवटी त्या थांबल्या, नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ.

"पटलं का तुमाले, थो काय म्हन्ला ते?"

"नाही काकू, अजून नाही पटलं."

"मंग उद्या सांगतो म्हन्ते, पक्का मुद्दा."

दुसऱ्या दिवशी साडेसातला फोन वाजला. काकूंचाच नंबर. मी उचलल्या उचलल्या म्हटलं, "हं काकू, सांगा आता मुद्दा." पलीकडून काही आलं नाही. मोर ओरडत होते. मी थांबलो. त्या घराशी बोलताना मधे थांबावं लागतं, हे मला आता ठाऊक होतं.

आणि मग पुरुषाचा आवाज आला. नागपुरी, अडखळत. रोशनचा आवाज मी कधी ऐकलेला नव्हता आणि तरी मी एका क्षणात तो ओळखला.

"भाऊ," तो आवाज म्हणाला, "मी मेश्राम बाईंचा भाऊ बोलून रायलो. बाई रात्री झोपेतच गेली. हातात चेंडू हाय, सोडवता येत नाई."