आप्पांनी घेतलेले दोन्ही विषय

आप्पा शाळेला शेवटपर्यंत घाबरले.

आप्पा म्हणजे माझे आजोबा. आज त्यांची पुण्यतिथी.

विंचू, दुष्काळ, सासुरवाडी, कशालाच न भ्यालेला माणूस. पण माझ्या अकरावीच्या ॲडमिशनला सोबत आले, कॉलेजच्या भिंतीवर विषयांचा बोर्ड दिसला, आणि त्यांनी माझा दंड असा धरला की बोटं उमटली.

"इचार करून सांग बे, काय घ्यायचं ते. आन् कुणी इचारलं तर म्हण, माझं मी घेतलं."

मला वाटलं, म्हातारा सायन्सला घाबरतोय. त्यात नवल नव्हतं. मीही घाबरत होतो.

खरी गोष्ट त्यांनी परतीच्या एसटीत सांगितली. निजाम जाऊन जमाना झाला होता, तरी आधी मागच्या सीटवर कोण बसलंय ते बघून घेतलं.

तर, निजामाचं राज्य. आप्पा तेव्हाचा खंडू, चकलांब्याच्या मल्हारी धनगराचा पोरगा. गावातलं शिक्षण संपलं म्हणून बापानं त्याला बीडला शाळेत घालायला आणलं.

शाळेत सगळं उर्दूत. हिसाब म्हणजे गणित, तारीख म्हणजे इतिहास, जुगराफिया म्हणजे भूगोल. फारसी होती, अरबी होती. मराठीसुद्धा होती, ऑप्शनल.

मराठी मुलखात मराठी ऑप्शनल! चिडू नका. आधी आपली पोरं कुठल्या मीडियमला आहेत ते कमेंटमध्ये लिहा.

आणि एक तास वाटून दिलेला. मुसलमान मुलांना दीनियात, म्हणजे धर्माचं शिक्षण. त्याच वेळी बाकीच्यांना दुसऱ्या खोलीत अखलाक, म्हणजे नीतीचे धडे.

कारकुनानं सवयीनं विचारलं, "दीनियात या अखलाक?"

मल्हारी म्हणाला, "दोनी."

"दोनो नहीं होता, मियाँ."

"कावून? आमी कळप घेतो तवा निवडून घेत न्हाई. पोरगं एवढ्या लांबून आणलंय. हाय तेवढं समदं शिकवा."

कारकून हसला. लिहून मात्र काहीच घेतलं नाही.

खंडूनं बापाचा शब्द पाळला. एक दिवस या खोलीत, एक दिवस त्या खोलीत. टाइमटेबल नावाची गोष्ट बापाला माहीत नव्हती आणि पोराला सांगायची हिंमत नव्हती.

दीनियातच्या मौलवीसाहेबांनी पहिल्या दिवशी हटकलं.

"बाप ने कहा है?"

"जी."

"तो बैठ. पीछे बैठ."

झालं. पुढं कुणाला काही वाटलं नाही. मुआयना येईपर्यंत. मुआयना म्हणजे इन्स्पेक्शन.

हैदराबादेहून साहेब आले. दीनियातच्या वर्गात त्यांनी एक प्रश्न टाकला. सगळी पोरं खाली बघायला लागली. शेवटच्या ओळीतून उत्तर आलं. चोख.

"शाबाश! नाम?"

"खंडू वल्द मल्हारी."

"वर्ग असा गार पडला," आप्पा म्हणाले, "की माझ्याच नावाचं मला भ्या वाटाया लागलं."

साहेब मौलवींकडे वळले. हिंदूचं पोर बापाच्या मर्जीशिवाय बसवलं असेल, तर मौलवींची नोकरी जाणार. मर्जी होती हे सांगणार कोण? त्या कारकुनाची कधीच बदली झालेली. राहिला एकटा मल्हारी.

तो त्या दिवशी लोकर विकायला बाजारात आलाच होता. शिपायानं शोधून आणला. मागोमाग गावची माणसं आली, भावकीतली. दारात उभी राहिली.

बाप 'हो' म्हणाला, तर गाव म्हणणार पोरगं बाटवायला दिलं, आणि घर वाळीत पडणार. 'नाही' म्हणाला, तर मौलवीसाहेब रस्त्यावर.

"तुमने कहा था, इसे दीनियात में बिठाओ?"

मल्हारीनं दाराकडं बघितलं.

दारातून चुलता हळूच म्हणाला, "न्हाई म्हण, मल्हारी. गया हाय घरात. पोरीचं लगीन व्हायचंय."

"माझा बाप लांडग्याम्होरं उभा राहायचा बे," आप्पा सांगत होते. "त्या दिशी त्याच्या घोंगडीच्या दशा थरथरत व्हत्या. मी मौलीसाबाकडं बघितलं. ते खाली बघत व्हते. एक शबूद बोलले न्हाईत, की बाबा, मला वाचव."

शेवटी मल्हारी म्हणाला, "मीच म्हणालो, साहेब. दोनी शिकवा म्हणालो. मौलीसाब निस्तं बस म्हणले."

मौलवीसाहेबांची नोकरी राहिली.

खंडूला अखलाक लागलं, कायमचं. म्हणजे नीती डोळ्यांनी बघून झाल्यावर ती विषय म्हणून कंपल्सरी झाली. शिक्षण खात्याचं टायमिंग तेव्हापासूनच असं आहे.

चुलता जाताना एवढंच बोलला, "उद्यापून आमच्या हिरीवर येऊ नगा."

मग सगळे गावाकडं निघाले. पुढं भावकी, मागं हे दोघं. पुढचं कुणी वळून बघेना.

"बा, लई भ्या वाटतंय."

"मला बी. चल."

एसटीत मी विचारलं, "आप्पा, ती गया म्हणजे आपली गयाआत्या?"

आप्पांची बहीण. आमच्याच घरात म्हातारी झालेली. तिचं लग्न का झालं नाही, हे घरात कुणी कधी बोलायचं नाही.

आप्पांनी मान हलवली.

"तिला कधी विचारलंत, तिला काय वाटलं ते?"

"न्हाई."

"का?"

"भ्या वाटतंय."

आप्पा गेले, त्यानंतर थोड्याच दिवसांत गयाआत्याही गेली. तिला कुणीच विचारलं नाही.

आप्पा, तुम्हाला दंडवत.

गयाआत्या, तुलाही. आज तुमच्या दोघांच्या नावानं पान वाढलंय.