माझ्या चित्राखालची पाटी

चित्रकलेच्या कॉलेजातल्या प्रदर्शनात माझं चित्र काचंत घालून भिंतीवर लावलं व्हतं. खाली कन्नडात पाटी. 'भिक्षुकी'. भिकारीण. माझ्या पोरीनं ती मोठ्यानं वाचली आणि लोकांदेखत इचारलं, "आई, आपुन भीक मागताव का?"

मी जनवाड्याची. आजे-पणजे मेंढरं राखायचे. मी गुलबर्ग्यात दाळमिलीत तूर निवडते. हंगाम सरला की काम बंद. तवा ह्या कॉलेजात पैशावर बसायला गेले. पोरं बघून चित्र काढणार, आपण हलायचं न्हाई. एवढंच.

बसून बघा एकदा. मांडी मरते. माशी नाकावर बसली तरी हात उचलायचा न्हाई.

पोरांचेबी हालच. एक डोळा मिटून पेन्सिलीनं मापायचे, काढायचे, खोडायचे. समोरच्या पोराला माझा हात काही जमंना. मिलीतल्या पट्ट्यात सापडून करंगळी वाकडी झालीय, मूठ मिटत न्हाई. हात मांडीवर उताणाच पडतो. खोडून खोडून त्याचा कागद फाटायला आला. मला कीव आली. म्हणलं, "अण्णा, करंगळी वाकडी हाय. तशीच काढा."

सर वरडले, "मॉडेलनं बोलायचं नाही! मडक्यासारखं बसायचं."

सगळे हासले. तो पोरगाबी. मी डोळे पुसायलाबी हलले न्हाई.

आन आता भिंतीवरच्या चित्रात माझ्या हातात वाटी व्हती.

चित्र काढणारा तो पोरगा तिथंच उभा व्हता. मी इचारलं, "अण्णा, मी तुमच्याकडं काय मागितलं व्हतं?"

त्यानं मान खाली घातली. "अक्का, हात जमंना. सर म्हणले, वाटी दे, बोटं झाकतील."

सर आले. "कलेत असं चालतं. तुम्हाला कळायचं नाही. निघा, पाहुणे यायलेत."

मी पाटी उपटली. तिथंच फाडली.

घरी जाताना पोरीनं माझा हात धरला न्हाई. रोज धरायची. त्या वाटंवर मी जेवढी रडले तेवढी नवरा गेला तवाबी न्हाई.

दुसऱ्या दिशी वर्गात गेले. बसले न्हाई. पोरांम्होरं उभी राहून हात दाखवला. "ह्यो तूर निवडणारीचा हात हाय. जमला तर काढा. न्हाई जमला तर कागद कोरा ठेवा. वाटी देऊ नका."

सर म्हणले, "दुसरी बाई आणू."

"आणा," मी म्हणलं. "तिलाबी मी हेच शिकवणार हाय."