आजी खलास

आईला स्वित्झर्लंडला न्यायचं हे घरात कुणालाच पसंत नव्हतं, फक्त मला होतं. आणि मला एकदा एखादी गोष्ट पसंत पडली की बाकीच्यांच्या पसंतीला आमच्या घरात फारशी किंमत उरत नाही. नवऱ्याला विचारा.

आई सांगलीहून आमच्याकडे दुबईला आली ती ऐन जुलैत. जुलैत इथे कुणी येऊ नये, पण लेकीची शाळा तेव्हाच बंद असते. अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटमध्ये आई एसीखाली शाल पांघरून बसायची आणि खिडकीतून समोरच्या बिल्डिंगमध्ये एसीखाली बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईकडे बघायची. आठवड्याभरात दोघी एकमेकींना हात करायला लागल्या. दुबईत आईची एवढीच ओळख झाली.

चार दिवसांच्या ट्रिपची तयारी मी ती यायच्या आधीच करून ठेवली होती. व्हिसासुद्धा तिने तिकडूनच काढून आणला होता, पुण्यातल्या माझ्या दादाला पत्ता लागू न देता. कारण आदल्या वर्षी आईच्या हृदयात दोन स्टेंट टाकले होते. डॉक्टर म्हणाले होते, चालू दे, फिरू दे, पण चढ-उतार नको. दादाला कळलं तेव्हा तो फोनवर फक्त एवढंच म्हणाला, "तिला तिकडे काही झालं तर काय करणार आहेस तू?"

मी तणतणत फोन ठेवला. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. तिच्या गोळ्या मी तीन वेगवेगळ्या पर्समध्ये ठेवल्या. विमानात तिला डुलकी लागली की मी तिच्या पोटाकडे बघायचे, हलतंय ना म्हणून. नवऱ्याच्या हे लक्षात आलं होतं. 

तिसऱ्या दिवशी आम्ही ट्रेनने ल्युसर्नला गेलो. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर तळंच. इतकं स्वच्छ, की काठाजवळचे दगड मोजून घ्यावेत. आईने पदर खोचला, वर माझा जुना स्वेटर, पायात लेकीचे बूट, आणि कठड्याशी जाऊन उभी राहिली. आता ही काय म्हणते म्हणून मी बघत राहिले.

"पाणी कृष्णेपेक्षा जास्त आहे," ती म्हणाली. "पण वागणूक चांगली दिसते."

ज्याच्या घरात दोनदा पुराचं पाणी शिरलंय तो माणूस तळ्याकडे असंच बघणार. मग आम्ही तो लाकडी छपराचा जुना पूल पाहिला. भारतातून आलेले दोन मोठे ग्रुप एकाच रंगाच्या टोप्या घालून पुलावर फोटो काढत होते, आणि आईने त्यातल्या तीन बायकांशी गुडघेदुखीवर चर्चा केली. काठावरच्या बाकावर बसून आम्ही धपाटे खाल्ले. लेकीने हंसाला एक तुकडा टाकायला हात उचलला तर आई म्हणाली, "मेथीचं आहे, त्याला सोसायचं नाही." सगळं इतकं छान चाललं होतं की मी दादाला एक फोटो पाठवला. मुद्दामच पाठवला, खोटं कशाला बोलू.

दुपारच्या बोटीची तिकिटं काढायची होती. लेकीला मात्र त्याआधी गावाच्या जुन्या तटबंदीवरचा बुरूज चढायचा होता. ती अकरा वर्षांची, वाट नीट सांभाळून जाणारी. मग असं ठरलं की आजी आणि नात टॅक्सीने बुरुजापाशी जातील, आजी खाली बाकावर बसेल, नात वर जाऊन येईल, आणि आम्ही दोघं तोवर धक्क्यावर रांगेत थांबू. मी आईला दोनदा बजावलं, "तू वर चढायचं नाहीस." आईने मान डोलावली. तिची मान डोलावण्याची पद्धत मला चाळीस वर्षं माहीत आहे, तरी मी विश्वास ठेवला.

रांग अर्धी सरली असेल, लेकीचा फोन आला. वाऱ्यात आवाज तुटत होता.

"मम्मा, आजी खलास. कम फास्ट, प्लीज."

आणि फोन बंद. मी परत लावला, लागेना. तिच्या फोनची बॅटरी सकाळपासून लाल दिसत होती.

मी नवऱ्याला काय सांगितलं ते मला आठवत नाही. तो म्हणतो मी काहीच बोलले नाही, नुसती पर्स त्याच्या अंगावर टाकली आणि पळत सुटले. गोळ्यांची पर्स. म्हणजे जी न्यायला हवी होती तीच टाकून मी पळाले.

ते गाव काठाला सपाट आहे आणि मागे एकदम चढ. दगडी रस्ता, त्यात माझ्या पायात सँडल. लोक बाजूला होत होते. मी वाटेत कुणाकुणाला "सरका, सरका" म्हणत होते, शुद्ध मराठीत. डोक्यात एकच गोष्ट होती. बाबा गेले तेव्हाही फोनच आला होता. मी दुबईत, जबल अलीच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते, आणि सांगलीला पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडून सगळं उरकलेलं होतं. या वेळी आई माझ्यापासून दहा मिनिटांच्या अंतरावर होती आणि तरीही मी तिथे नव्हते. मीच तिला आणलं होतं. मीच सांगितलं होतं, टॅक्सीने जा. अकरा वर्षांची पोर तिथे तिच्याजवळ एकटी बसलेली असेल, हे मनात आलं तेव्हा माझ्या तोंडून कसलातरी आवाज निघाला. एक माणूस सायकलवरून उतरून उभाच राहिला.

वळण घेतलं आणि तटबंदी दिसली. बुरूज दिसला. बुरुजाखाली हिरवळ, तिथे बाक, आणि बाकावर आई. बूट काढून पाय गवतावर पसरून बसलेली. लेक शेजारी चिप्स खात होती.

आईने मला लांबून पाहिलं आणि हाक मारली, "अगं, एवढी धावतेस कशाला? बोट सुटली का?"

मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसले आणि मोठ्याने रडायला लागले. हळू आवाजात, रुमाल लावून वगैरे नाही. लहानपणी जत्रेत हरवले होते तेव्हा रडले असेन तशी. कुत्रं फिरवणारी एक बाई थांबली आणि तिने पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली. लेक घाबरून धावत आली.

"मम्मा, व्हॉट हॅपन्ड? आय टोल्ड यू ना, आजी इज खलास! लाइक, डन. शी क्लाइम्ब्ड ऑल द वे अप अँड देन शी सेड खलास."

"मग कम फास्ट कशाला म्हणालीस?" मी हुंदके देत ओरडले.

"बिकॉज आजीला वॉशरूमला जायचं होतं अँड आय कुडन्ट फाइंड इट!"

पंधरा वर्षं मी दुबईत राहते. दिवसातून वीस वेळा हा अरबी शब्द तोंडात येतो. होमवर्क झाला, खलास. वाण्याकडची कोथिंबीर संपली, खलास. पुरे झालं, आटोपलं, आता घरी जाऊ, सगळ्याला खलास. आमच्या बिल्डिंगखालच्या दुकानदाराकडून आईसुद्धा तो शिकली होती आणि बुरुजाच्या शेवटच्या पायरीवर तिने तो अगदी बरोबर अर्थाने वापरला होता. चुकले ती मी. घाबरले की मी दुबईची उरत नाही, सांगलीचीच होते, आणि सांगलीत खलास झालेलं माणूस बोट सुटली का म्हणून विचारत नाही.

नवरा घामाघूम होऊन पोचला तोवर मी उठून आईवर तोंडसुख घ्यायला सुरुवात केली होती. "तुला सांगितलं होतं ना चढायचं नाही म्हणून? दोन स्टेंट आहेत, कळतं का?" आई शांतपणे बूट घालत होती. जावयाकडे बघून म्हणाली, "तुम्ही आधी वॉशरूम शोधा. ही आता अर्धा तास बोलायची थांबणार नाही."

"यल्ला, चला आई," तो म्हणाला आणि तिला हात देऊन उठवलं. कोपऱ्यावरच्या कॅफेवाल्याने त्यांना आत सोडलं. मी बाहेर उभी राहून भिंतीला हात टेकवला होता. मला इतकं हलकं वाटत होतं की कारण नसताना हसू येत होतं. आई आतून पदराला हात पुसत आली, आणि ती चालत आली, स्वतःच्या पायांनी, हेच मला पुरेसं होतं.

आमची बोट अर्थातच चुकली. पुढची मिळाली, आणि तिच्यात गर्दीही कमी होती. नवरा आणि लेक वरच्या डेकवर गेले. मी आईजवळ खाली बसले, तिचा हात माझ्या हातात. डोंगर हळूहळू सरकत होते. माझे डोळे अजून थांबत नव्हते. पुसले की परत भरून यायचे.

आई पाण्याकडे बघत होती. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुझे बाबा गेले तेव्हा तू रडली नाहीस."

खरं होतं ते. मी आले होते, डेथ सर्टिफिकेटच्या प्रती काढल्या होत्या, बँकेत गेले होते, आलेल्या लोकांचा चहा बघितला होता.

"भावकीत बायका बोलल्या. मी त्यांना म्हटलं, तिचा स्वभाव तसा आहे. पण मनात मला वाटायचं, पोरगी लांब राहिली ती लांबचीच झाली. माझ्या वेळीही अशीच येईल, कागद करील आणि जाईल." तिने पदर सारखा केला. "मेल्यावर आपल्यासाठी कोण किती रडलं ते माणसाला काही कळत नाही. मला आज कळलं."

मला परत हुंदका आला. तिने पदराचं टोक माझ्या हातात दिलं.

"आता पूस ते नाक," ती म्हणाली. "फोटो काढायचाय मला."