जांभळाखालचा देव

महाळुंग्याच्या चौकात बबन माझ्या गाडीत बसला, तेव्हा रात्रपाळीची माणसे कंपनीच्या बसमधून उतरत होती. चाकणच्या एकाच कारखान्यात आम्ही दोघे उमेदवारीपासून सोबत आहोत. त्याचे गाव भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीला लागून. मुलीच्या आजारपणात तो नवस बोलला होता, की ती बरी झाली तर गावच्या देवराईतल्या (देवाच्या नावाने राखलेल्या रानातल्या) उघड्या देवावर छप्पर घालीन. मुलगी बरी झाली. छपराचा आराखडा मी काढून दिला. त्यात एका खांबाच्या जागी झाड येत होते. बबनने दिलेल्या मापांवरून, जागा पुन्हा न पाहताच, ते तोडायचे म्हणून मी त्यावर फुली मारली होती.

राजगुरुनगर मागे पडले आणि चासकमान धरणाचे पाणी दिसू लागले. तरुणपणी आम्ही वाडा गावापर्यंत एसटीने येऊन पुढे चालत जात असू. तेव्हा गाव दिसण्याआधीच रान सुरू होई आणि पक्ष्यांच्या आवाजात आमचे बोलणे आपोआप हलके होई. आता उतारावर प्लॉटांची तारकुंपणे होती. राईच्या कडेची झाडे गेल्या उन्हाळ्यातल्या वणव्याने होरपळून उभी होती. बबनने काच वर केली.

राईच्या तोंडाशी म्हातारे गुरव आमची वाट पाहत होते.

"आलं का चाकणचं पाव्हणं! पट्टा काढा, सायेब. राईत कातडं चालत न्हाई."

"त्याची पँट सुटंल की, आबा," बबन म्हणाला.

"सुटू द्या. हितं बघायला वानरंच हायती. आन् ऐका, आतली काडीबी भाईर न्यायची न्हाई. गेलीच, तर ज्याची त्यानं परत आणायची."

एका हाताने पँट आणि दुसऱ्याने आराखडा सावरत मी अनवाणी आत शिरलो. ओल्या पाचोळ्याचा तोच जुना वास आला. अंजनाच्या झाडांच्या दाटीतून पुढे गेल्यावर मोठे जांभळाचे झाड, आणि त्याच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला देव. वर कुठेतरी फांदी हलली. शेकरू (तांबूस पाठीची, झुपकेदार शेपटीची मोठी खार) उलटे लोंबकळत काहीतरी कुरतडत होते. जवळच बेचक्यात काटक्यापानांचे त्याचे घरटे होते. ते बरोबर मी फुली मारलेल्या झाडावर होते.

मी बबनकडे पाहिले. तो मनोभावे हात जोडून उभा होता. मी आराखडा दुमडून काखेत मारला.

"कौल घ्यावा लागंल," गुरव म्हणाले. त्यांनी ओल्या दगडावर फुलाच्या दोन पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर देवाची परवानगी, डावी पडली तर नकार. "देवा, बबन तुला छप्पर घालतोय. हवं का नगं, सांग."

पाकळ्या जागच्या हलेनात. बबनचे ओठ पुटपुटत होते. मीही मनात काही मागत होतो. पण ते त्याच्या विरुद्ध होते. एवढ्यात शेकरू कर्कश ओरडले. आम्ही तिघांनी वर पाहिले आणि खाली पाहतो तो डावी पाकळी पडलेली.

"तू बघितलंस पडताना?" बबनने मला विचारले.

"नाही."

तो मटकन खाली बसला. "मग माझ्या नवसाचं काय, आबा? पोरीला काय झालं म्हंजे?"

"नवस तू बोलला. छप्पर काय त्यानं मागितलं न्हाई," गुरव म्हणाले. "येवढंच करायचं आसंल तर होळीच्या आधी ये. राईभवतीचं गवत कापून पट्टा मोकळा केला, तर वणवा आत शिरत न्हाई. पैलं सगळं गाव यायचं. आता समदी पोरं तुमच्या शिफ्टला."

दुपारी गुरवांच्या घरी नाचणीची भाकरी आणि पिठले जेवलो. बबनने अर्धी भाकरी तशीच ठेवली.

परतीच्या वाटेवर राजगुरुनगरला चहा घेताना मी त्याला सांगितले, "मलाही डावाच कौल हवा होता."

"मग तिथंच बोलायचंस."

"धीर झाला नाही."

"बोलला असतास, तरी मी ऐकलं नसतं, राव," तो म्हणाला; पण महाळुंग्याला उतरला तो मागे न पाहताच.

वाकडला घरी आल्यावर गॅलरीत उभा राहिलो. समोरच्या इमारतींवर कावळ्यांशिवाय काही नव्हते. इतक्या वर्षांच्या मित्राला जे सांगायचे, ते मी देवावर सोपवून मोकळा झालो होतो. देवाने ते सांगितलेही. मी मात्र पँट सावरत नुसता उभा राहिलो. कपडे झटकताना पँटच्या दुमडीतून जांभळाचे एक वाळके पान पडले. मी ते आराखड्याच्या घडीत जपून ठेवले आणि भीतभीत बबनला फोन लावून राईतले पान माझ्यासोबत आल्याचे सांगितले.

पलीकडून त्याच्या हसण्याचा आवाज आला.

"आता परत जावं लागतंय, राव. रविवारी निघू. विळे मी घेतो. तू पट्टा घरीच ठेव."